पद न काढता सम्राज्ञी नाहीशी कशी झाली? छ्येनलोंगच्या दुसऱ्या सम्राज्ञीविषयी प्रश्न

दूरदेशी :

छिंग राजवटीतील छ्येनलोंग सम्राटाच्या अंतःपुरावर बेतलेल्या दोन चिनी मालिका मी लागोपाठ पाहिल्या. एकीत जी स्त्री कपटी आणि निष्ठुर दाखवली आहे, तीच दुसरीत सोसणारी नायिका आहे. ही स्त्री म्हणजे सम्राटाची दुसरी सम्राज्ञी, राज्यकर्त्या मांचू लोकांच्या नारा कुळातली. मालिका बाजूला ठेवून थोडे वाचन केले, तेव्हा एवढे हाती लागले की १७६५ मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना तिने स्वतःचे केस कापले, तिला तातडीने बीजिंगला परत पाठवण्यात आले, पुढच्याच वर्षी ती वारली आणि तिचा अंत्यविधी सम्राज्ञीच्या इतमामाने झाला नाही. मात्र तिला पदावरून दूर केल्याचा हुकूम कधीच निघाला नाही, असेही सर्वत्र नमूद केलेले दिसते.

माझा गोंधळ इथेच होतो. ज्या दरबारात कोणत्या दर्जाच्या स्त्रीने कोणत्या रंगाची परडी हातात धरावी हेसुद्धा ठरलेले होते, तिथे सर्वोच्च स्त्रीचे पद कागदोपत्री कायम ठेवून तिला प्रत्यक्षात पुसून टाकणे कसे शक्य झाले? मांचू सम्राज्ञीला स्वतःचा म्हणून काही अधिकार होता का, तिचा दिवस कशात जात असे आणि अडचणीच्या वेळी तिच्यामागे उभे राहणारे कोणी असे का, हेही जाणकारांनी सांगावे. विषप्रयोग आणि दासींची कारस्थाने यांत मला रस नाही. ते मालिकांनी पोटभर दिले आहे.

तळटीप :

नारा हिच्याविषयी बोलण्याआधी तिच्या पूर्वीच्या सम्राज्ञीविषयी बोलावे लागेल, कारण नाराचा संसार पहिल्या दिवसापासून त्या मृत सवतीच्या छायेत झाला, असे माझे मत आहे.

पहिली सम्राज्ञी फुचा कुळातली. तिचा जन्म १७१२ चा. १७२७ मध्ये, म्हणजे छ्येनलोंग अजून राजपुत्र असताना, त्याच्या वडिलांनी, योंगचंग सम्राटाने, तिची त्याच्यासाठी पट्टपत्नी म्हणून निवड केली. तिचा मोठा मुलगा योंगल्येन हा गुप्तपणे वारस नेमलेला होता. तो १७३८ मध्ये बालपणीच गेला. दुसरा मुलगा योंगत्सोंग १७४८ च्या जानेवारीत, चांद्र वर्षाच्या अखेरच्या दिवशी, देवीच्या रोगाने दगावला. त्यानंतर थोड्याच दिवसांत सम्राट आणि त्याची आई यांच्यासोबत ती शांडोंग प्रांताच्या दौऱ्यावर निघाली आणि परतीच्या वाटेवर, ८ एप्रिल १७४८ रोजी, देचौ येथे वारली. तेव्हा ती ३६ वर्षांची होती.

तिच्या मृत्यूनंतर छ्येनलोंगने जे दुःख केले त्याची झळ साऱ्या राज्यकारभाराला बसली. सुतकाच्या शंभर दिवसांत डोके भादरणाऱ्या अधिकाऱ्यांवर खटले झाले. हूक्वांगचा महाराज्यपाल सायलंग याला याच कारणासाठी स्वतःचा जीव घेण्याचा हुकूम मिळाला. दोन थोरल्या राजपुत्रांनी पुरेसे दुःख दाखवले नाही म्हणून त्यांना भर दरबारात फटकारण्यात आले आणि त्यांच्यासाठी गादीची वाट बंद झाली. तिचा छांगछुन महाल सम्राटाने पुढे कित्येक वर्षे जसाच्या तसा राखला. पत्नीवरच्या प्रेमाची कथा म्हणून हे प्रसंग आवडीने सांगितले जातात. ते प्रेम खोटे होते असे मी म्हणणार नाही, पण त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

नारा हिचा जन्म १७१८ चा. जुन्या इतिहासग्रंथात तिला उला-नारा म्हटले आहे, परंतु ती होइफा-नारा शाखेतली होती असे आता अभ्यासक मानतात. होइफा हे मांचूंच्या उदयापूर्वीचे एक छोटे राज्य. मांचू सत्तेचा संस्थापक नुरहाची याने ते १६०७ मध्ये जिंकून संपवले. तिचा बाप नारबू हा साधा लष्करी अधिकारी होता. तिचे व्यक्तिगत नाव दप्तरात कुठेही नाही. फुचा हिचेही नाही, तेव्हा यात नाराचा वेगळा अपमान शोधू नये. मालिकांमधली नावे लेखकांनी ठेवलेली आहेत.

१७३४ मध्ये ती राजपुत्राच्या घरात दुय्यम पत्नी म्हणून आली, १७३७ मध्ये तिला ‘फेइ’ हा उपपत्नीचा दर्जा मिळाला आणि १७४५ मध्ये त्याहून वरचा ‘ग्वेइफेइ’ हा. १७४८ मध्ये सम्राज्ञीचे पद रिकामे झाले, तेव्हा राजमातेने नाराचे नाव पुढे केले. सम्राटाने लगेच होकार दिला नाही. सुतकाचा काळ संपेपर्यंत थांबावे, असे त्याने ठरवले. मधल्या काळात, १७४९ मध्ये, तिला ‘हुआंगग्वेइफेइ’ हा सम्राज्ञीच्या खालोखालचा दर्जा देऊन अंतःपुराचा कारभार सोपवण्यात आला आणि सप्टेंबर १७५० मध्ये ती सम्राज्ञी झाली. त्याच महिन्यात आलेल्या आपल्या वाढदिवसाच्या कवितेत छ्येनलोंगने मृत पत्नीची आठवण काढली आहे. नव्या सम्राज्ञीच्या पहिल्या महिन्यात लिहिलेली ही कविता आहे, आणि ती खासगी वहीत राहिली नाही. सम्राटाच्या छापील काव्यसंग्रहात आली.

पुढच्या पाच-सहा वर्षांत तिला तीन मुले झाली : १७५२ मध्ये योंगची, १७५३ मध्ये मुलगी आणि १७५६ च्या जानेवारीत योंगचिंग. शेवटची दोन लहानपणीच गेली. १७५१, १७५७ आणि १७६२ या तिन्ही दक्षिण दौऱ्यांत ती सम्राटासोबत होती. याचा अर्थ १७६५ पर्यंतची पंधरा वर्षे वरकरणी तरी सुरळीत गेली होती.

माजघर :

अधिकार आणि दिनक्रम यांविषयी विचारले आहे म्हणून लिहितो.

अंतःपुरात आठ पायऱ्या होत्या. सर्वांत वर एक सम्राज्ञी, तिच्या खाली एक हुआंगग्वेइफेइ, मग दोन ग्वेइफेइ, चार फेइ, सहा पिन, आणि त्याखालच्या तीन दर्जांना संख्येची मर्यादा नव्हती. वर्षाची नेमणूक सम्राज्ञीला १००० ताएल चांदी आणि सर्वांत खालच्या दर्जाच्या स्त्रीला ३० ताएल. एक ताएल म्हणजे साधारण ३७ ग्रॅम. सम्राज्ञीला दहा दासी, तळाच्या स्त्रीला दोन. कापड, फर, मांस, मेणबत्त्या, कोळसा, सगळे दर्जानुसार मोजून मिळे. ही सगळी देणी राजगृह खात्यामार्फत येत आणि ते खाते सम्राटाला जबाबदार होते. खोजेही त्याच खात्याचे. सम्राज्ञीला स्वतःची जहागीर नाही, स्वतःचा खजिना नाही, स्वतःच्या मर्जीने नेमता येईल असा एकही अधिकारी नाही. आपल्या इतिहासातल्या खासगीच्या जमिनी राखून असलेल्या राण्या डोळ्यांसमोर ठेवून तिच्याकडे पाहिले तर चित्र हमखास चुकते.

माहेराशी संबंध जवळजवळ तुटलेलाच असे. आईवडील म्हातारे झाले किंवा मुलीला दिवस गेले, तरच खास परवानगीने भेट होई. महालातली वस्तू माहेरी पाठवण्यास मनाई होती. छिंग सम्राटांनी आधीच्या मिंग राजवटीच्या काळाचा अभ्यास करून खोज्यांना आणि सम्राज्ञीच्या माहेरच्यांना सत्तेपासून लांब ठेवायचे ठरवले होते. फुचाचा भाऊ फुहंग दरबारात अगदी वर चढला हे खरे, परंतु तो सम्राटाच्या मर्जीवर चढला. बहिणीच्या हातात त्याला देण्यासारखे काही नव्हते. वारसाबाबतही तेच. योंगचंगच्या काळापासून वारसाचे नाव लखोट्यात बंद करून छ्येनछिंग महालातील फलकामागे ठेवले जाई, त्यामुळे सम्राज्ञीच्या मुलाला गादी मिळेलच असे नव्हते. योंगची सम्राज्ञीचा जिवंत असलेला एकुलता एक मुलगा होता आणि तरीही आईच्या पाठीशी त्याचे वजन शून्य होते.

मग तिच्याकडे होते काय? विधी. आणि ते थोडेथोडके नव्हते. खुननिंग महाल हा नावाने सम्राज्ञीचा महाल, पण छिंग काळात त्याचा बराचसा भाग मांचूंच्या शामान पूजेसाठी दिलेला होता. तिथे सकाळ-संध्याकाळ देवांना डुकराचा बळी देऊन मोठ्या कढयांत मांस शिजवले जाई. राजधानीच्या मधोमध असलेल्या त्या दालनात एखाद्या वनवासी वाड्याचा धूर आणि वास भरलेला असे, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. त्याच महालाच्या पूर्वेकडच्या खोलीत सम्राटाच्या विवाहाची रात्र होई, मात्र गादीवर आल्यानंतर लग्न करणाऱ्या सम्राटांचीच. फुचा आणि नारा दोघींच्याही वाट्याला ती खोली आली नाही.

दुसरा मोठा विधी रेशीम देवतेचा. वसंतात सम्राज्ञीने वेदीवर पूजा करून स्वतःच्या हाताने तुतीची पाने तोडायची. तिच्या हाती सोन्याचा आकडा आणि पिवळी परडी, इतरांच्या हाती दर्जाप्रमाणे चांदीचे वगैरे आकडे. सम्राटाने नांगर धरायचा आणि सम्राज्ञीने रेशीम, अशी ती जुनी चिनी जोडी होती. बेइहाइ उद्यानातील वेदी छ्येनलोंगने बांधून घेतली आणि १७४४ मध्ये फुचाने तिथे हा विधी स्वतः केला. प्रश्नकर्त्यांनी परडीचा रंग उल्लेखिला आहे तो इथला असावा.

याशिवाय रोजची सासूची विचारपूस, नववर्ष, दक्षिणायनाचा शेवट आणि तिचा स्वतःचा वाढदिवस या दिवशी स्वीकारायची औपचारिक अभिनंदनपत्रे, आणि अंतःपुरातील स्त्रियांवर देखरेख. मांचूपण टिकवण्याची जबाबदारीही बायकांवर होतीच. पाय बांधायचे नाहीत, प्रत्येक कानात तीन कर्णभूषणे घालायची. दर तीन वर्षांनी बॅनर कुटुंबांतील (बॅनर म्हणजे मांचूंचे लष्करी-प्रशासकीय विभाग) तेरा ते सोळा वर्षांच्या मुली निवडीसाठी हजर कराव्या लागत आणि त्यांपैकी काहींच्या कानात एकच भूषण दिसले म्हणून छ्येनलोंगने लेखी नापसंती कळवली होती. फुचाची ख्याती याच बाबतीत होती : मोत्यांऐवजी केसांत साधी कृत्रिम फुले माळणारी आणि पूर्वजांच्या रीतीने हरणाच्या लोकरीची थैली नवऱ्याला करून देणारी.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. छ्येनलोंगने अंतःपुरातील बारा महालांसाठी बारा चित्रे काढवून घेतली होती आणि ती दरवर्षी नववर्षाच्या सुमारास भिंतींवर टांगली जात. विषय प्राचीन काळच्या आदर्श राजस्त्रियांचे. त्यांत राजाला स्पष्ट शब्दांत उपदेश करणारी श्यू आहे, नवऱ्याचा शिकारीचा नाद सुटावा म्हणून प्रयत्न करणारी फान ची आहे, आणि राजा उशिरा उठू लागला तेव्हा ‘दोष माझाच’ असे म्हणत डोक्यातले आकडे उतरवून उभी राहिलेली राणी च्यांग आहे. म्हणजे पत्नीने पतीला चार शब्द सुनवावेत, केसांचा शृंगार उतरवून निषेध करावा, हे भिंतीवर मान्यच होते. अट एवढीच की दोष तिने स्वतःकडे घ्यायचा.

कोरा_कागद :

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम, पण मुख्य घटनेला अजून कोणी हात घातलेला नाही. बहुतेक ठिकाणी असे वाचायला मिळते की हांगचौला सम्राट रात्री वेश बदलून गणिकांकडे जाऊ लागला, नाराने त्याला अडवले, वाद झाला आणि रागाच्या भरात तिने केस कापले. दुसरे कारण सांगतात ते वेइ कुळातील उपपत्नीचे, जी तेव्हा मर्जीत होती. या दोन्हींपैकी कशाला आधार आहे? आणि केस कापण्याने इतके काय बिघडले? आपल्याकडील केशवपनासारखा काही अर्थ त्यात होता का?

तळटीप :

गणिकांची गोष्ट नंतरच्या कादंबऱ्यांतून आणि ऐकीव किश्श्यांतून आलेली आहे. त्या काळच्या दप्तरात तिचा मागमूस नाही. सम्राटाची आई, पाच-पन्नास अधिकारी आणि खोज्यांचा ताफा बरोबर असताना वेश बदलून हिंडणे जमले असते का, हा प्रश्नही आहेच.

दप्तरात जे आहे ते अधिक बोलके आहे, आणि ते आले आहे मुदपाकखान्याच्या नोंदवहीतून. राजघराण्यातील माणसे एकत्र जेवत नसत. सम्राट आपल्या ताटातील पदार्थ ज्या स्त्रियांना पाठवी त्यांची नावे रोजच्या रोज लिहिली जात. या चौथ्या दक्षिण दौऱ्यात १ मार्चला नाराचा वाढदिवस वाटेतच साजरा झाला. ७ एप्रिल १७६५ रोजी हांगचौच्या पश्चिम सरोवराकाठी सकाळच्या जेवणात सम्राटाने पदार्थ पाठवले ते सम्राज्ञीला, वेइ हिला आणि आणखी दोघींना. त्यांतली एक म्हणजे शिंच्यांगहून आलेली, पुढे ‘सुगंधी उपपत्नी’ म्हणून दंतकथेत गेलेली स्त्री. त्याच दिवशी संध्याकाळच्या नोंदीत सम्राज्ञीचे नाव नाही, आणि त्यानंतर दौरा संपेपर्यंत ते पुन्हा आले नाही. तिला जलमार्गाने बीजिंगला पाठवले गेले. सोबत होता सम्राटाचा जावई फुलुंगान, म्हणजे फुहंगचा मुलगा आणि पहिल्या सम्राज्ञीचा भाचा. ही निवड मुद्दाम केली की तो विश्वासू होता म्हणून सहज झाली, हे ज्याने त्याने ठरवावे. मला तरी ती बोचते.

सम्राटाने स्वतः दोन वेळा खुलासा केला आणि ते दोन्ही शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. १७६६ मध्ये तिच्या मृत्यूनंतरच्या हुकुमात तो म्हणतो की सम्राज्ञी झाल्यापासून तिच्या वागण्यात दोष नव्हता, पण गेल्या वसंतात तिचा स्वभाव एकाएकी पालटला, राजमातेसमोर तिने सुनेचे कर्तव्य पाळले नाही आणि हांगचौला तर तिचे वर्तन वेडाच्या जवळ गेले. केसांचा शब्दही नाही. केसांचा उघड उल्लेख येतो तो १७७८ मध्ये, बारा वर्षांनी : आपल्या राष्ट्रात केस कापणे ही सर्वांत निषिद्ध गोष्ट, आणि तिने त्याची पर्वा केली नाही.

मांचू रीतीत स्त्री केस कापत असे ती नवऱ्याच्या किंवा सासूच्या मृत्यूनंतर, शोकाची खूण म्हणून. केशवपनाशी याची गल्लत करू नये. तो वैधव्याचा कायमचा वेष नव्हता, केस एकदा कापले की पुन्हा वाढू दिले जात. परंतु नवरा आणि सासू दोघेही जिवंत, त्याच दौऱ्यात, त्याच मुक्कामावर असताना पत्नीने केस कापणे याचा अर्थ एकच होता : माझ्या लेखी तुम्ही मेलात. वर राणी च्यांगचे चित्र सांगितले आहे. तिने आकडे उतरवले आणि दोष स्वतःकडे घेतला. नाराने केस उतरवले आणि दोष कोणाचा ते सांगून टाकले.

वेइ हिच्याविषयी. ती राजगृह खात्याच्या चाकर-बॅनरमधली, वंशाने हान, आणि तेव्हा तिला बरीच मुले होती. नारा परत गेल्यानंतर काही आठवड्यांतच वेइला हुआंगग्वेइफेइ करण्यात आले. सम्राज्ञी जिवंत असताना हा दर्जा सहसा कोणाला देत नसत, कारण त्यातून दुसरी सम्राज्ञी उभी केल्यासारखे होई. या बढतीचा विषय दौऱ्यातच निघाला आणि त्यातून ठिणगी पडली, असा तर्क काही अभ्यासक करतात. तो मला गणिकांच्या गोष्टीपेक्षा पुष्कळ पटतो, पण तो तर्कच आहे. याउलट, पंधरा वर्षे साचलेली कोंडी, दोन मेलेली मुले आणि सत्तेचाळिसावे वर्ष यांकडे पाहिले तर एखादे निमित्त पुरेसे होते, मोठे कारण लागलेच पाहिजे असे नाही.

दूरदेशी :

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत याबद्दल आभार. एक शंका राहते. नाराची निवड मुळात राजमातेने केली होती आणि ती हांगचौला हजर होती. मग तिने मध्यस्थी का केली नाही? सासूचा शब्द छिंग दरबारात मोठा मानला जाई, असे वाचले आहे.

माजघर :

शंका योग्य आहे. हिचे उत्तर शंभर वर्षे मागे जाऊन शोधता येते.

छ्येनलोंगचा पणजोबा शुनचि सम्राट याने आपली पहिली सम्राज्ञी १६५३ मध्ये रीतसर पदच्युत केली होती. ती खोरचिन मंगोलांची, राजमातेची सख्खी भाची. उधळी आणि मत्सरी असा तिच्यावर ठपका ठेवला गेला. काही अधिकाऱ्यांनी उघड विरोध केला, सम्राट बधला नाही, आणि तिला फेइच्या दर्जावर उतरवून बाजूच्या महालात पाठवण्यात आले. पुढच्या वर्षी दुसरी सम्राज्ञी आली, तीही खोरचिनचीच, राजमातेच्या भावाची नात. १६५८ मध्ये राजमाता आजारी असताना हिने सेवेत कसूर केली असे म्हणून शुनचिने तिला येणारी औपचारिक अभिनंदनपत्रे बंद केली. सनद आणि मुद्रा तिच्याकडेच ठेवल्या, पण सम्राज्ञी म्हणून जी खूण जगाला दिसे ती काढून घेतली. सम्राटाच्या मनात तेव्हा तोंगो कुळातील उपपत्नीला त्या जागी बसवायचे होते, असे सर्वसाधारण मत आहे. दोन महिन्यांच्या आत राजमातेने हुकूम देऊन ती पत्रे पुन्हा सुरू करवली. ही सम्राज्ञी पुढे नवऱ्यानंतर छप्पन्न वर्षे राजमाता म्हणून सन्मानाने जगली.

म्हणजे पद ठेवून मान काढण्याची युक्ती छ्येनलोंगने नव्याने शोधली नव्हती, आणि सासूची सेवा न केल्याचा आरोपही जुनाच होता. फरक पडला तो मागे कोण उभे आहे यात. १६५८ मधली सासू तिची आतेआजी होती आणि दोघींच्या मागे खोरचिनचे घोडदळ होते. मंगोल सोयरिकीवाचून मांचूंचे राज्य चालले नसते. नाराच्या मागे एका मृत अधिकाऱ्याचे घर होते. शिवाय छ्येनलोंगची आई आपल्या मुलाच्या राज्यात सुखाने राहणारी, दौरे आणि वाढदिवसाचे सोहळे उपभोगणारी बाई होती, आणि ती राजकारणात पडत नसे. सुनेने आपल्यासमोर केस कापले, म्हणजे आपल्याच मरणाचा अपशकुन केला, असे वाटल्यावर तिने तोंड उघडावे तरी का? निवड तिची होती, पण ती निवड करताना तिने दर्जानुसार पुढचे नाव घेतले होते, यापेक्षा अधिक जिव्हाळ्याचा पुरावा मला दिसत नाही.

कोरा_कागद :

आता मूळ प्रश्नाचे थेट उत्तर, म्हणजे हे सारे कागदावर कसे बसवले ते, मी लिहितो. वरील चर्चेनंतर मीही काही जुने संदर्भ चाळले.

नाराला आयुष्यात चार सनदा मिळाल्या होत्या : फेइ, ग्वेइफेइ, हुआंगग्वेइफेइ आणि सम्राज्ञी या पदांच्या. बीजिंगला परतल्यावर त्या चारही तिच्याकडून परत घेण्यात आल्या. पदच्युतीचा हुकूम काढला असता तर शुनचिप्रमाणे दरबारासमोर कारण द्यावे लागले असते, दरबारी विधी पाहणाऱ्या मंत्रालयात चर्चा झाली असती, अधिकाऱ्यांनी विनंतीअर्ज केले असते. सनदा परत घेणे ही घरातली गोष्ट होती आणि ती राजगृह खात्यापुरती राहिली. १९ ऑगस्ट १७६६ रोजी ती वारली, तेव्हा सम्राट मुलानच्या शिकारीच्या हंगामासाठी बाहेर गेला होता. तो परतला नाही. हुआंगग्वेइफेइच्या इतमामाने अंत्यविधी करावा असा हुकूम त्याने पाठवला. एवढे करूनही आपण तिचे नामाभिधान राखले, ही आपली विशेष उदारता आहे, असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात त्या दर्जाचा मानही पूर्ण मिळाला नाही. तिला स्वतंत्र समाधी नाही; पूर्व छिंग समाधिक्षेत्रातील उपपत्नींच्या आवारात, १७६० मध्ये वारलेल्या सू कुळातील उपपत्नीच्या तळघरात, तिची शवपेटी बाजूला ठेवण्यात आली. तिच्यासाठी नामफलक नाही आणि वार्षिक नैवेद्यही नाही. सम्राटाच्या स्वतःच्या समाधीत त्याच्यासोबत पाच स्त्रिया आहेत. फुचा आहे, वेइ आहे, नारा नाही.

ज्यांनी याबद्दल तोंड उघडले त्यांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ली यूमिंग या निरीक्षक अधिकाऱ्याने अंत्यविधी नियमाप्रमाणे झाला नाही असा अर्ज केला. त्याला इलीच्या सरहद्दीवर हद्दपार केले गेले. १७७८ मध्ये सम्राट मुकडेनच्या, म्हणजे मांचूंच्या जुन्या राजधानीच्या, दौऱ्यावर असताना चिन त्सोंगशान नावाच्या एका परीक्षार्थीने वाटेत अर्ज दिला, की सम्राटाने वारस जाहीर करावा, नवी सम्राज्ञी नेमावी आणि जुन्या प्रकरणात आपली चूक कबूल करावी. त्याचा शिरच्छेद झाला. केस कापल्याचा उल्लेख असलेला खुलासा याच प्रसंगी निघाला, म्हणजे आज आपल्याला जे माहीत आहे त्यातला मुख्य धागा या माणसाच्या अर्जामुळे उजेडात आला. त्या खुलाशात सम्राटाने पुन्हा बजावले की आपण तिला पदच्युत केलेले नाही, आणि मी आता इतका वयस्कर झालो असताना नवी सम्राज्ञी कशाला, असाही प्रश्न केला. वेइला त्याने हयातीत ते पद दिलेच नाही. ती १७७५ मध्ये वारली आणि तिचा मुलगा वारस म्हणून जाहीर झाला तेव्हा, १७९५ मध्ये, तिला मरणोत्तर सम्राज्ञी करण्यात आले.

नाराचा मुलगा योंगची १७७६ मध्ये, चोविसावे वर्ष पूर्ण होण्याआधी, कोणतीही पदवी न मिळता गेला. १७९९ मध्ये छ्येनलोंग वारल्यावर वेइचा मुलगा ज्याछिंग सम्राट याने आपल्या या सावत्र भावाला ‘बेइले’ ही तिसऱ्या श्रेणीची राजपदवी मरणोत्तर दिली. आईबाबत त्याने काही केले नाही, कारण तसे करणे म्हणजे वडिलांचा निर्णय फिरवणे ठरले असते.

प्रश्नकर्त्यांना पुढे वाचायचे असल्यास एक सूचना करतो. छिंग सम्राज्ञींच्या याद्या चाळताना बहुतेकींची नावे ‘श्याओ’ या अक्षराने सुरू होणाऱ्या मरणोत्तर पदवीखाली सापडतील. फुचा ही श्याओश्येन, वेइ ही श्याओयी. नारा शोधायची असेल तर पदवी नसलेल्या नोंदीकडे पाहावे. तिथे फक्त ‘सम्राज्ञी, नारा कुळ’ एवढेच लिहिलेले असते, आणि जुन्या ग्रंथात कुळाची शाखाही उला अशी चुकीची दिलेली आढळते.